सीताफळ अजून लागलं न्हाई

माझ्या नर्सरीत शिरणारा माणूस झाडांकडे बघतच नाही. आधी खिशातून मोबाईल काढतो. "ताई, आपल्याला बिलकुल असं पाहिजे," म्हणत फोटो माझ्या नाकासमोर धरतो. फोटोत कुठल्या तरी थंड मुलखातलं अंगण असतं, मऊ हिरवळ असते आणि हिरवळीवर लोळणारं एक गुबगुबीत पांढरं कुत्रं असतं. मी चष्मा पुसून फोटो नीट बघते आणि विचारते, "कुत्र्यासकट पाहिजे का बिगर कुत्र्याचं?"

गिऱ्हाईक हसलं की मी माझी सरबत्ती सुरू करते. घराचं तोंड कुठं? पाणी नळाचं का बोअरचं? माती काळी का मुरमाड? दुपारी वारा कोणत्या बाजूनं येतो? आणि गल्लीत शेळ्या कोणाच्या, किती मोकाट? शेळ्यांवर सगळेच चमकतात. पण जालन्याकडच्या बागा उन्हानं जेवढ्या मेल्या नसतील तेवढ्या शेळ्यांनी खाल्ल्या आहेत, हे मी छातीठोक सांगते.

आता गुडघे कुरकुरतात, त्यामुळे नर्सरी सून बघते आणि मी खुर्चीत बसून फुकटचे सल्ले देते. पण सबंध आयुष्य लोकांच्या अंगणात उकिडवं बसण्यात गेलं. आमचा धंदा लोकांना वाटतो झाडं विकण्याचा. खरं तर तो सोयरीक जुळवण्याचा आहे. अंगणाचा स्वभाव बघायचा, झाडाचा स्वभाव बघायचा आणि दोघांचं जमेल का ते सांगायचं. आमची काळी माती पावसात फुगते, पाणी धरून बसते, नाजूक मुळं कुजवून टाकते. तीच उन्हाळ्यात अशी तडकते की भेगेत चप्पल जाते. बोअरचं पाणी एवढं जड की बादलीला पांढरी पुटं धरतात. अशा सासरी कोणती पोरगी नांदंल, हे ओळखायचं म्हणजे माझं काम.

काही मंडळी ऐकत नाहीत. जालन्याच्या एका कारखानदारानं थेट हिमाचलातून सफरचंदाचं रोप आणलं होतं. मी म्हटलं, "शेठ, याला हिवाळ्यात कडाक्याची थंडी लागते, ती मी कुठून आणू?" त्यांनी मनावर घेतलं आणि झाडासमोर कूलर लावला! मोठा, पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा. पंधरवड्यानं जाऊन बघते तर कूलरसमोर शेठाणीबाई बाज टाकून घोरत होत्या आणि सफरचंद पार करपलं होतं. शेठ म्हणाले, "झाड गेलं, पण घरात शांतता आली." पैसे वसूल झाल्यासारखा चेहरा होता त्यांचा.

शहागडच्या ढाबेवाल्याला गुलाब पाहिजे होते. हायवेवर, डिझेलच्या धुरात, जिथं प्रत्येक ट्रक मागं घेताना कुंपणावर बसतो तिथं गुलाब! मी त्याला बोगनवेल दिली. ना पाण्याची मागणी, ना धुराची तक्रार, आणि काटे असे की एकदा ड्रायव्हरच्या हाताला बोचले की पुन्हा तो ट्रक तिकडं वळवत नाही. ढाबेवाला अजून फोन करतो, "ताई, तुमची वेल पार्किंग सांभाळून राह्यली." असं ऐकलं की मला दिवसभर उगाच हसू येत राहतं.

पण मला सांगायचंय टेंभुर्णीच्या आक्कांबद्दल. एवढी वर्षं या धंद्यात काढली, पण मला असा नाच कोणी नाचवला नाही.

अनुसयाआक्का सत्तरी ओलांडलेल्या. घरी एकट्याच. मुलगा सुनील पुण्यात चांगल्या नोकरीवर, मोठ्या सोसायटीत नवव्या मजल्यावर राहायला. तो मला फोनवर म्हणाला, "ताई, आमच्या घरासमोर भलं मोठं अंगण आहे, नुसतं भकास पडलंय. आईला संध्याकाळी सावलीत चहा घेत बसता यावं अशी बाग करून द्या." पोरगा मनापासून बोलत होता. मी जाऊन बघितलं. अंगणात जुना कोबा, वर मोकळं आभाळ, भिंती खांद्याएवढ्या उंच, शेळीला शिरायला जागा नाही. मला तर हर्षच झाला. मी पावसाळ्यात कोबा फोडून खड्डे घेतले आणि दोन कडुनिंब, एक सप्तपर्णी लावली. आक्कांनी मला चहा दिला, वर शेवयाची खीर दिली, "लई चांगलं केलंस बाई," म्हणाल्या.

दिवाळीपर्यंत तिन्ही झाडं मेली.

कडुनिंब मरतो? अहो, कडुनिंब नाल्याकाठी उगवतो, भिंतीत उगवतो, कोणी नको म्हटलं तरी उगवतो! मी म्हटलं, खड्ड्यात काही खोट असेल. पुढच्या पावसाळ्यात नवीन माती भरली, पुन्हा कडुनिंब लावले, जोडीला करंज लावला. करंज म्हणजे तर दगडाच्या काळजाचं झाड. दिवाळीला सुनील आला तेव्हा तिथं वाळक्या काटक्या उभ्या होत्या.

त्यानं मला फोन केला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, "ताई, तुमचा दोष न्हाई. त्या जागेतच काही न्हाई. आई तिथं उन्हात एकटी काय करते, मला समजत न्हाई. मी येत्या वैशाखात येऊन बघतो. बाग जगलेली दिसली तर ठीक. न्हाईतर घर विकतो आणि आईला पुण्याला घेऊन येतो. तिला अजून बोललो न्हाई."

फोन ठेवला. माझ्या मेलेल्या करंजावरून एका बाईचं घर जाणार होतं! दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं टेंभुर्णी गाठली.

आक्का देवळात गेल्या होत्या. मी खड्ड्याशी उकिडवी बसले. मातीवर पांढरा थर होता. बोअरच्या पाण्यानं असं होतं, पण मग सगळीकडं व्हायला पाहिजे. हा थर फक्त झाडाच्या बुडाशी, गोलाकार, जणू कोणी प्रेमानं घातलेला. आमच्या धंद्यात माती चाखायची खोड लागते, फक्त आजूबाजूला कोणी बघत नाही ना एवढं पाहायचं. मी बोट लावलं, जिभेवर टेकवलं आणि एकदम उडदाच्या पापडाची लाटी आठवली.

पापडखार! झाडाच्या मुळांना तो विषासारखा.

आक्का देवळातून आल्या, पदरात प्रसादाचे फुटाणे. मी विचारलं, "आक्का, झाडांच्या बुडाला पापडखार कोण घालतंय?"

"कावळे," आक्का म्हणाल्या. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही.

मला असं हसू फुटलं की मी तिथंच कोब्यावर बसले. आक्का आधी रागानं बघत राहिल्या, मग त्यांच्याही गालावर वळी पडली, मग दोघी इतक्या हसलो की भिंतीवरून शेजारच्या हमीदाबींनी डोकावून विचारलं, "क्या हुआ गे?"

मग उलगडा झाला. त्या गल्लीत सगळ्यांची घरं आता एकमेकांना चिकटलेली, वर पत्रे नाहीतर पाण्याच्या टाक्या. मोकळं, स्वच्छ, सबंध दिवस उन्हाचं अंगण एकच उरलंय, आक्कांचं. होळी झाली की अख्ख्या गल्लीच्या कुरडया, पापड, शेवया, बाजरीच्या खारोड्या तिथं वाळतात. बायका पहाटेपासून येतात, गव्हाचा चीक हाटतात, सोऱ्या फिरवतात, भांडतात, गातात, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढतात. उन्हाळाभर आक्कांच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. भिंतीवर डोकं ठेवून ऐकणाऱ्या हमीदाबी म्हणाल्या, "शेवयां मेरे, कुरडयां इनके, पर उन्हाळा दोनों का एकच आंगन में."

"मंग हे सुनीलला सांगा ना!" मी म्हटलं.

आक्का गंभीर झाल्या. "पोरगं एवढ्या हौसेनं झाडं देऊन राह्यलंय. सगळ्यांना सांगतं, आईला बाग करून दिली म्हणून. त्याला कसं म्हणू, तुझी सावली नको मला? मन मोडंल त्याचं. म्हणलं, झाडं आपोआप मेली तर कोणाचंच काही जात न्हाई."

सुनीलनं घातलेली अट मग मी सांगून टाकली. सांगायलाच पाहिजे होतं. आक्कांच्या पदरातले फुटाणे खाली सांडले.

"घर विकतो? मी पुण्याला जाऊन काय करू? मागं गेल्ते महिनाभर. तिथं गॅलरीत मूठभर सांडगे घातले, तर वरच्या बाईच्या साडीचं पाणी टपटप त्याच्यावर. आणि दिवसभर बोलायला कोण? लिफ्ट?" त्यांनी माझा हात धरला. "बाई, काही पण कर. झाड जगव. पण ऊन घालवू नको."

घ्या! झाड जगलं पाहिजे, वाढलं पाहिजे, बाग दिसली पाहिजे, पण होळीपासून जेठापर्यंत अंगणात सावली पडता कामा नये. असलं गिऱ्हाईक मला कधी मिळालं नव्हतं. मला भीती वाटायला पाहिजे होती, पण खरं सांगते, अंगात वारं शिरल्यासारखं झालं. त्या दिवशी मी खडू घेऊन अंगणात खुर्ची टाकून बसले. सूर्य सरकेल तशी भिंतींची सावली कोब्यावर आखत गेले. कार्तिकातलं ऊन तिरपं असतं, सावल्या लांब पडतात. चैत्रात सूर्य डोक्यावर येतो, सावल्या आखडतात. म्हणून आजची रेघ बघून चार-पाच महिन्यांनंतरची रेघ ओळखावी लागते. हमीदाबी म्हणाल्या, "ताई, दिवाळी तो हो गई, अब्बी रंगोली?"

उत्तरेच्या भिंतीलगत काहीही लावलं तरी त्याची सावली मागं भिंतीवर जाते, अंगणात येत नाही. तिथं मोगरा बसवला. मोगऱ्याला कडक ऊन हवंच, उन्हाळ्यातच तो फुलतो. ओट्यावर दुपारनंतर घराचीच सावली असते, तिथं मधुमालतीचा वेल चढवला, म्हणजे चहा प्यायची जागा झाली. कण्हेरीचं नाव काढू दिलं नाही. कण्हेर चिवट खरी, पण विषारी, आणि जिथं खाण्याचं वाळतं तिथं तिची पानं उडायला नकोत.

राहिला मोठा खड्डा, फाटकाजवळचा, दक्षिणेकडचा. सुनीलला झाड तिथंच पाहिजे होतं, आणि तिथल्या झाडाची सावली बराबर कुरडयांवर येणार. मी रात्री जेवताना अचानक टाळी वाजवली, नवऱ्याच्या हातातला घास पडला. सीताफळ! सीताफळाची पानं उन्हाळा लागला की झडतात. झाड झोपी जातं, पाणी मागत नाही, सावली देत नाही. पाऊस पडला की पुन्हा हिरवंगार. मुरमात, खडकात, जड पाण्यावर जगतं आणि शेळी तोंड लावत नाही. देवानं हे झाड वाळवणासाठीच बनवलं असावं.

पापडखाराची माती खोल खणून काढली, गाळ आणि मुरूम भरला, आणि माझ्याकडचं चांगलं वाढलेलं सीताफळ लावलं. आक्कांकडून देवासमोर शपथ घेतली की पापडखार फक्त पापडात जाईल. झाड असं तरारलं की आक्का येता-जाता त्याच्या पानांवरून हात फिरवायला लागल्या.

चैत्रात कुरडयांच्या दिवशी मला खास बोलावणं होतं, ताजा चीक खायला. पहाटेच पोचले. चुलीवर पातेलं रटरटत होतं, अंगणभर जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यावर पांढऱ्या कुरडयांची चक्रं. मी पण पदर खोचून सोऱ्या धरला. गल्लीतल्या सगळ्या बायका, आक्का मधोमध सेनापती. आणि एवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. सुनील! त्यानं वैशाखात येतो म्हटलं होतं.

तो फाटकात उभाच राहिला. पुढं पाय ठेवायला कोबाच दिसत नव्हता. हमीदाबी ओरडल्या, "सुन्या, चप्पल निकाल पहले! कुरडयां पो पाय पड़ा तो देख!"

त्यानं निमूट चप्पल काढली. मग त्याची नजर फाटकाजवळच्या सीताफळाकडं गेली. एक पान नाही. नुसते काळपट, वाकडे फाटे आभाळाकडं हात करून उभे. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की उन्हाळ्यात उघडं राहील म्हणून मी जे झाड हौसेनं निवडलं, ते नेमकं परीक्षेच्या दिवशी मेल्यासारखं दिसणार होतं. मी कपाळावर हात मारला, चिकाचा हात, कपाळाला चीक लागला.

"हे पण गेलं, ताई," सुनील हळू म्हणाला. "जाऊ द्या. आई, आता माझं ऐक. सामान बांध."

सगळ्यांचे सोरे थांबले. मी साड्यांच्या मधून उड्या मारत झाडापाशी पोचले, एका फांदीची साल नखानं खरवडली. आत हिरवागार ओला पट्टा. "बघा! जिवंत आहे. झोपलंय. पाऊस पडला की पानं फुटतील."

"पण ताई, सावली उन्हाळ्यात पाहिजे ना! हे कसलं झाड, जे उन्हाळ्यातच उघडं?"

मी आक्कांकडं बघितलं. आक्का उठल्या. हाताचा चीक लुगड्याला पुसला. आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"सुन्या, मला सावली नको. मला ऊन पाहिजे. तू दिवाळी-दसऱ्याला येतो, तवा अंगण रिकामं असतं. तुला वाटतं आई एकटी हाय. आता बघ, हाय का मी एकटी? तुझी झाडं मीच मारली, पापडखार घालून. मला काय बोलायचं ते बोल, पण हे ऊन माझ्याकडून घेऊ नको."

सुनीलनं अंगणाकडं बघितलं, बायकांकडं बघितलं, आईकडं बघितलं. त्याचे डोळे भरून आले. मग तो म्हणाला, "पापडखार?" आणि त्याला हसू आवरेना. आई रडतेय, पोरगं डोळे पुसत हसतंय, आणि हमीदाबी सगळ्यांना शिव्या देतायत, कारण या भानगडीत एक कावळा कुरडई घेऊन गेला होता.

"खड़ा क्या है, काठी ले!" त्यांनी सुनीलच्या हातात काठी दिली. लहानपणी हेच काम त्याच्याकडं होतं म्हणे. तो दिवसभर डोक्यावर ओला टॉवेल टाकून कावळे हाकत बसला, अर्ध्याओल्या कुरडया चोरून खाताना आक्कांच्या हाताचा फटका खाल्ला. संध्याकाळी तोंड लालबुंद झालं होतं.

निघताना मला म्हणाला, "ताई, या झाडाला फळ कधी येतं?"

"दोन-तीन वर्षांत."

"बरं. मंग असं करू. सीताफळ लागेपर्यंत मी घराचं नाव काढत न्हाई. लागलं की बघू." आईला तो थेट इथंच कायमचं राहा म्हणू शकला नाही, मुलगाच तो. काळजी सुटत नसते.

आता पुढचं. तेव्हापासून सुनील दरवर्षी चैत्रात वाळवणाला सुट्टी काढून येतो. दसऱ्याला यायचं बंद केलं, दिवाळीला आक्काच चार दिवस पुण्याला जाऊन येतात. म्हणजे सीताफळ तो बघतो ते फक्त उघडंबोडकं. आणि आक्का? झाडाला पहिली फळं आली तेव्हा मला फोन केला, कुजबुजत, "बाई, लागलंय! साखर हाय साखर! मी आन् हमीदानं मिळून खाल्ली. सुन्याला सांगितलंय, या साली पण न्हाई लागलं." पुढच्या वर्षी झाड फळांनी वाकलं. अख्ख्या गल्लीनं ओट्यावर बसून खाल्लं, बिया लांब नेऊन टाकल्या. सुनीलला सांगितलं, मोहर गळाला. त्याच्या पुढच्या वर्षी सांगितलं, कीड पडली. मला विचारलं तर मी पण मान डोलावते. एवढ्या वर्षांचं माझं धंद्यातलं नाव, आणि मी म्हणते, या मातीत सीताफळाला वेळ लागतो.

आक्का पंचांगाशिवाय काही वाचत नाहीत, म्हणून लिहायला हरकत नाही. या चैत्रात मी गेले होते. सुनील काठी घेऊन सीताफळाखाली बसला होता. सीताफळाची काही फळं न पिकता फांदीवरच वाळून काळी पडतात, दगडासारखी. असं एक उंचावर काढायचं राहून गेलं होतं, पानं झडल्यावर उघड्या फांदीवर लख्ख दिसत होतं. सुनील उभा राहिला, काठीनं ते पाडलं, हातात फिरवून बघितलं. मी आधी आक्कांकडं बघितलं. आक्का पाठमोऱ्या, कुरडया उलटत होत्या.

त्यानं ते काळं सीताफळ खिशात घातलं आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "ताई, अजून लागत न्हाई का हो हे झाड?"

"न्हाई ना," मी म्हटलं. "या मातीत वेळ लागतो."

"लागू द्या सावकाश," तो म्हणाला. "मला काही घाई न्हाई." आणि काठी उचलून कावळ्यांच्या मागं धावला.